कोपऱ्यातली सही

आमच्या सोसायटीत गणपतीच्या दिवसांत मुलांची चित्रकला स्पर्धा असते आणि ‘तुम्हाला यातलं कळतं’ असं म्हणून मला परीक्षक करतात. यंदा विषय होता ‘माझं आवडतं पात्र’. छोटा भीम होते, छत्रपती होते, दोन-तीन स्पायडरमॅन होते आणि एक डोनाल्ड डक होता. चिडलेला, एक पाय वर उचललेला, टोपी मागे सरकलेली. मेणखडूनं काढलेला असूनही त्याच्या चोचीत खरा संताप होता. आम्ही एकमतानं त्याला पहिला नंबर दिला. मागे नाव आणि फ्लॅट नंबर पाहायला कागद उलटला तर कोरा. समितीच्या काकांनी माइकवरून दोनदा विचारलं, ‘हे बदक कुणाचं?’ मंडपात हशा पिकला, पुढे कुणी आलं नाही. मग आरतीच्या गर्दीत सात-आठ वर्षांची एक मुलगी माझ्या ओढणीला धरून म्हणाली, ‘ते माझंय.’ मी विचारलं, ‘अगं, मग नाव का नाही लिहिलंस?’ तर म्हणाली, ‘लिहिलंय की.’ आणि खरंच, उजव्या कोपऱ्यात अगदी मन लावून, जीभ बाहेर काढून काढलेली असावी अशी, ती वळणदार ‘वॉल्ट डिस्ने’ची सही होती. ‘हे नव्हे, तुझं,’ मी म्हटलं. तिनं माझ्याकडे जरा कीव करून पाहिलं. ‘डोनाल्डच्या खाली हेच असतं,’ ती म्हणाली.

बक्षिसाची कंपासपेटी तिला मिळाली. पण तिचं वाक्य माझ्या डोक्यातून काही जाईना.

कारण ती बरोबर होती. डोनाल्डच्या खाली तेच असतं. निदान वर्षानुवर्षं तेच होतं. माझ्या लहानपणी मामा माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून जुनी इंग्रजी कॉमिक्स आणायचा. कागद पिवळा, कडा ठिसूळ, पिनांना गंज चढून पानाच्या मध्यावर तांबूस डाग पडलेला आणि त्या सगळ्याला एक ओलसर गोड वास. इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं. पण चित्रं पाहून पाहून मला आणि मामेभावाला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती: बदकं दोन प्रकारची असतात. काही अंकांतली बदकं नुसतीच गोंडस, रबरी; ती पडली तरी लागत नाही. आणि काही अंकांतली खरी. त्यांना थंडी वाजते, त्यांच्या घराचं भाडं थकलेलं असतं, पाऊस आला तर तो खरा तिरका पाऊस असतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरलासुद्धा कुणीतरी वेळ दिलेला असतो. ‘चांगली बदकं’ आणि ‘टाकाऊ बदकं’ असे आम्ही दोन गठ्ठे केले होते. दोन्ही गठ्ठ्यांवर नाव मात्र एकाच माणसाचं. डिस्नेला काही दिवस चांगलं काढता येतं, काही दिवस येत नाही, असा आम्ही त्याचा अर्थ लावला होता. आमच्याही वह्यांचं तसंच होतं.

पुढे पुष्कळ वर्षांनी वाचलं, की अमेरिकेतल्या पोरांनी पन्नासच्या दशकात नेमके हेच गठ्ठे केले होते. नाव माहीत नाही, पण हात ओळखीचा, म्हणून ती पोरं त्याला ‘चांगली बदकं काढणारा’ एवढंच म्हणायची.

त्या माणसाचं नाव कार्ल बार्क्स. जन्म १९०१ चा, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात मेरिलजवळच्या एका एकाकी शेतावर. लहानपणापासून ऐकू कमी येत गेलं. शाळा लवकर सुटली. मग शेतमजुरी, खेचरं हाकणं, जंगलात लाकूडतोड, रेल्वेच्या कारखान्यात रिव्हेट ठोकणं असं सगळं करून झालं. पुढे मिनीॲपोलिसच्या एका चावट विनोदी मासिकासाठी चित्रं आणि चुटके. १९३५ साली, चौतिशीत, आठवड्याला वीस डॉलरवर तो डिस्ने स्टुडिओत लागला. काम काय, तर मुख्य चित्रकारानं काढलेल्या दोन हालचालींच्या मधली चित्रं भरणं. कंटाळवाण्या कामाची ती परमावधी. पण एका कार्टूनसाठी त्यानं न्हाव्याच्या यांत्रिक खुर्चीची कल्पना सुचवली. डोनाल्ड तिच्यात उलटा अडकतो, यंत्र त्याच्या बुडाचे केस कापतं आणि तोंडाला बुटाचं पॉलिश करतं. त्या कल्पनेवर त्याला कथाविभागात बढती मिळाली. बुडाचे केस कापण्यावरून बढती मिळावी, हे मला फार आवडतं.

१९४२ मध्ये त्यानं आणि जॅक हॅना या सहकाऱ्यानं अर्धं-अर्धं वाटून घेऊन चाच्यांच्या खजिन्याचं चौसष्ट पानी कॉमिक काढलं. त्याच वर्षाच्या शेवटी तो स्टुडिओ सोडून गेला. स्टुडिओ युद्धाच्या कामाला जुंपला गेला होता, तिथल्या वातानुकूलनाचा त्याला त्रास होत होता. त्याचा बेत होता कॅलिफोर्नियाच्या सान हसिंतो भागात कोंबड्या पाळण्याचा. जोडधंदा म्हणून कॉमिक छापणाऱ्या प्रकाशकाकडे काम मागितलं, त्यांनी डोनाल्डची दहा पानी गोष्ट दिली. कोंबड्या मागे पडल्या, बदकं राहिली. पुढची तेवीस-चोवीस वर्षं हा माणूस घरी बसून, लिहिणं, पेन्सिल, शाई सगळं स्वतः करत, सहा हजारांवर पानं काढत राहिला. देशोदेशींचे डोंगर, देवळं, जहाजं काढायची ती ‘नॅशनल जिऑग्रफिक’चे जुने अंक समोर ठेवून.

त्या दहा पानी गोष्टी मी आता, पन्नाशी ओलांडल्यावर, पुन्हा वाचते तेव्हा त्यांतली नोकरी दिसते. डोनाल्ड दर महिन्याला नवी नोकरी धरतो. सुरुवातीला गावात त्याच्यासारखा कारागीर नाही. मग थोडी हवा डोक्यात जाते, आणि शेवटी अख्खं गाव त्याच्या मागे काठ्या घेऊन. खेचरं हाकलेल्या, रिव्हेट ठोकलेल्या माणसानंच हे लिहावं. आणि स्क्रूज, डोनाल्डचा गडगंज, चिकट मामा! तो पहिल्यांदा आला १९४७ च्या नाताळच्या गोष्टीत. तेव्हा तो साहसी वगैरे काही नव्हता. मोठ्या वाड्यात खुर्चीत रुतलेला, चष्मेवाला, जगावर चिडलेला एकटा म्हातारा. एका गोष्टीपुरताच आणलेला. पण बार्क्सला त्याचा लळा लागला असावा. १९५२ मध्ये स्क्रूजला स्वतःचं कॉमिक मिळालं तोवर त्याची तिजोरी टेकडीवर जाऊन बसली होती, आणि तिच्यात होते तीन घन एकर पैसे. घन एकर! लहानपणी मी हे माप वडिलांना विचारलं होतं. ते महसूल खात्यात होते. ते दिवसभर अस्वस्थ होते.

मला सगळ्यात आवडते ती १९५४ ची, हिमालयातल्या पैसा नसलेल्या दरीची गोष्ट. पैशांच्या कटकटीला कंटाळून स्क्रूजच्या नसा तुटायला आलेल्या असतात, म्हणून तो पैसाच ठाऊक नाही अशा दरीत विसाव्याला जातो. तिथे त्याच्या औषधाच्या बाटलीचं बूच एका गावकऱ्याला सापडतं. बूच दुर्मीळ, म्हणून मौल्यवान. बघता बघता त्या निष्पाप लोकांत बुचांवरून चढाओढ लागते. तोड म्हणून स्क्रूज विमानांतून बुचंच बुचं पाडायला लावतो, तर शेतं बुचांखाली गाडली जातात. दहा सेंटच्या पोरांच्या पुस्तकात टंचाई, हाव आणि चलनवाढ इतकी सरळ मांडलेली आहे, की मला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांवर पूर्वलक्षी राग आला.

ज्या मासिकात डोनाल्डच्या गोष्टी यायच्या त्याचा खप पन्नासच्या दशकात एका अंकाला तीस लाखांवर गेला होता. तीस लाख, आणि नाव एकालाही ठाऊक नाही. १९६० च्या आसपास काही हट्टी चाहत्यांनी चौकश्या करून, पत्रं लिहून अखेर ते मिळवलं. पहिलं कौतुकाचं पत्र हाती पडलं तेव्हा बार्क्सला वाटलं, कुणीतरी ओळखीचाच माणूस थट्टा करतोय. साठीला आलेला तो, ऐकायला यंत्र लावणारा. आपण काढलेलं कुणी वाचतं, ही बातमी त्याला अशी कळली.

थट्टा वाटली, यातच सगळं आलं.

आपल्याकडे कोपऱ्यातल्या सहीचा प्रकार वेगळा आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात मुद्रा येते, ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’, आणि ऐकणारा मान डोलावतो. गाथेच्या अभ्यासकांना मात्र त्या मुद्रेनं नेहमीच घाम फोडला आहे. किती अभंग खरे तुकोबांचे आणि किती मागाहून कुणी रचून त्यांच्या नावे घातलेले? कुणी अनाम वारकरी स्वतःच्या ओळींना ‘तुका म्हणे’ जोडून मोकळा होत असेल, कारण त्याला नाव नकोच होतं, त्याला त्या नावाच्या सावलीत उभं राहायचं होतं. बार्क्सला आणि त्याच्यासारख्यांना हे सुख नव्हतं. त्यांच्या पानावर दुसऱ्याची मुद्रा पडली ती करारानं. पण वाचकाच्या बाजूनं पाहिलं तर गंमत तीच राहते. खोटा अभंग कानाला खटकतो म्हणणारे जुने टाळकरी आणि दोन गठ्ठे करणारी आम्ही पोरं, काम एकच करत होतो.

आणि खुद्द डिस्नेनं तर विसाव्या शतकाच्या विशीतच स्वतः चित्रं काढणं जवळपास सोडून दिलं होतं. ती प्रसिद्ध सहीदेखील अनेकदा स्टुडिओतली इतर माणसं करून द्यायची. म्हणजे आमच्या सोसायटीतल्या मुलीनं परंपरा मोडली नाही, चालवलीच. मिकी माउसची वर्तमानपत्रातली पट्टी १९३० साली फ्लॉइड गॉटफ्रेडसन नावाच्या पंचविशीतल्या पोराकडे आली, ती ‘दोन आठवडे सांभाळ, तोवर दुसरा माणूस बघतो’ या बोलीवर. लहानपणी शिकारीच्या अपघातात त्याच्या हाताला गोळी लागली होती. बोटं-मनगट नीट साथ देईनात, म्हणून तो सगळा हात हलवून चित्र काढायला शिकला होता. दुसरा माणूस काही मिळाला नाही. गॉटफ्रेडसन १९७५ मध्ये निवृत्त झाला, दोन आठवड्यांची पंचेचाळीस वर्षं करून. आज जो मिकी गोड हसत मुलांच्या डब्यावर बसलेला असतो तो त्याचा नव्हे. त्याचा मिकी मारामाऱ्या करायचा, घाबरायचा, हट्टानं पुन्हा उभा राहायचा. फेलिक्स मांजराचंही तेच. नाव स्टुडिओमालक पॅट सलिव्हनचं, आणि पडद्यावर त्या मांजराला चालायला, विचार करायला लावणारा ऑटो मेसमर कित्येक दशकं पडद्याआड.

या सगळ्यांत एकच माणूस असा, ज्याची सही त्याच्या पानावर ठसठशीत होती आणि तरी तो लपलेलाच होता. जॉर्ज हेरिमन. त्याच्या ‘क्रेझी कॅट’मध्ये रोज तेच घडायचं: मांजर उंदरावर प्रेम करतं, उंदीर त्याला वीट मारतो, मांजराला ती वीट म्हणजे प्रेमाची खूण वाटते, कुत्रा-शिपाई उंदराला तुरुंगात टाकतो. पाठीमागे ॲरिझोनाचं वाळवंट चौकटीगणिक बदलतं. झाड होतं तिथे डोंगर, दिवस होता तिथे चंद्र. १९१३ पासून १९४४ मध्ये मरेपर्यंत त्यानं हे काढलं. सामान्य वाचक फारसे नव्हते, पण वर्तमानपत्रांचा मालक हर्स्ट स्वतः भक्त होता, आणि हेरिमन गेल्यावर त्यानं ती पट्टी दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. बदकांच्या नशिबी हे भाग्य नव्हतं. हेरिमन गेल्यावर सत्तावीस वर्षांनी त्याचा जन्मदाखला पुढे आला. न्यू ऑर्लिन्स, १८८०, आणि वर्णाच्या रकान्यात ‘कलर्ड’. आयुष्यभर तो गोऱ्यांत गोरा म्हणून वावरला होता, फोटोत बहुतेक वेळा डोक्यावर हॅट. त्याच्या मांजराचं नर की मादी हे कधीच ठरत नाही, रंगावरूनही गोष्टी आहेत. आता त्या वाचताना हसू येतं आणि घशातच अडकतं.

बार्क्सच्या बाबतीत मात्र माझं मन एकसारखं नाही. १९५२ च्या एका गोष्टीत स्क्रूज आणि ‘हाउडुयूस्तान’चा महाराजा यांच्यात पैज लागते, गावाच्या संस्थापकाचा कुणाचा पुतळा मोठा. पुतळ्यावर पुतळे, प्रत्येक आधीच्याहून उंच, आणि अखेर महाराजा कंगाल. आजच्या आपल्या पुतळ्यांच्या उंच्या आठवून मी खो-खो हसले. आणि हसता हसता तो पगडीवाला जाडा महाराजा, ते टिंगलीनं बनवलेलं देशाचं नाव बोचलं. जगातल्या सगळ्या डोंगरांवर खजिना असतो, तिथले लोक भोळे असतात आणि बदकं तो घेऊन घरी जातात, हे लहानपणी दिसलं नव्हतं. चिलीत १९७१ मध्ये एरियल दॉर्फमन आणि बेल्जियमचा समाजशास्त्रज्ञ आर्मां मातलार यांनी यावरच एक पुस्तक लिहिलं: ही गोजिरी बदकं साम्राज्यवादाची शिकवणी घेतात. १९७३ च्या लष्करी उठावानंतर त्या पुस्तकाच्या प्रती जाळल्या, समुद्रात बुडवल्या गेल्या. बदकांवरच्या टीकेची लष्कराला इतकी भीती! दोघांचं बरंचसं मला पटतं. पण त्यांच्यासमोर आरोपी म्हणून उभा आहे तो डिस्ने, आणि गुन्ह्यातसुद्धा बार्क्सला श्रेय नाही. शिवाय बुचांची ती दरी लिहिणारा माणूस भांडवलाचा भाट होता, हे काही केल्या माझ्या गळी उतरत नाही.

अमेरिकेत ही कॉमिक्स हळूहळू आटली. युरोपात त्यांचं घरच झालं. इटलीत मिकीचं स्वतंत्र साप्ताहिक १९३२ च्या अखेरीस निघालं. युद्धकाळात फॅसिस्ट राजवटीनं अमेरिकन उंदीर नको म्हटल्यावर त्या गोष्टींत काही काळ तुफोलिनो नावाचा माणसाचा पोरगा आणून बसवला. युद्ध संपल्यावर तिथल्या लोकांनी नुसतं आयात केलं नाही, स्वतःच काढायला घेतलं. १९४९ मध्ये ग्वीदो मार्तिना आणि अँजेलो बिओलेत्तो यांनी मिकीला थेट दान्तेच्या नरकात पाठवलं. व्हेनिसचा रोमानो स्कार्पा गॉटफ्रेडसनच्या उंदराचा खरा वारस झाला. जर्मनीत एरिका फुक्स या कलेतिहासाच्या विदुषीनं बदकांच्या तोंडी अशी भाषा घातली, की तिच्या गावात तिच्या नावाचं संग्रहालय उभं आहे. फिनलंडमध्ये तर डोनाल्डचा अंक १९५१ पासून घरोघरी येतो. त्या देशानं पँट घालत नाही म्हणून डोनाल्डवर बंदी घातली, अशी बातमी अधूनमधून आपल्याही व्हॉट्सॲपवर फिरते. खरं एवढंच, की सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हेलसिंकीच्या नगरपालिकेत युवक केंद्रांसाठी हा अंक घेणं थांबवून पैसे वाचवावेत असा मुद्दा निघाला होता. पँटचा प्रश्न आलाच नव्हता.

बार्क्स १९६६ मध्ये निवृत्त झाला. १९७१ मध्ये त्यानं तैलरंगात बदकं रंगवायची परवानगी मागितली. आपलीच बदकं, आणि परवानगी. ती मिळाली, चित्रांना मागणी आली. मग कुणीतरी परस्पर छापील प्रती विकल्या आणि १९७६ मध्ये परवानगी परत घेतली गेली. नंतर पुन्हा मिळाली, पण मधली ती वर्षं मला राग आणतात. आपल्याकडे दूरदर्शनवर नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी स्क्रूज हिंदी बोलायला लागला, तेव्हा त्या मालिकेतल्या कित्येक गोष्टी बार्क्सच्याच जुन्या पानांवरून घेतलेल्या होत्या. तिजोरीत नाण्यांच्या ढिगावर सूर मारणारा तो म्हातारा पाहत आमच्या चाळीतली पोरं पोहे खात बसायची. १९९४ मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी, बार्क्स युरोपच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा आजोबांच्या वयाची माणसं रांगा लावून उभी होती. २००० साली गेला, शंभरीला काही महिने कमी असताना. एका लघुग्रहाला त्याचं नाव आहे.

त्या रांगांमधल्या पिढीचाच एक अमेरिकन, डॉन रोझा. केंटकीच्या लुइव्हिलमध्ये घरचा बांधकामाचा, फरशांचा धंदा. मोठ्या बहिणीच्या कॉमिकांच्या ढिगाऱ्यावर वाढलेला. १९८७ मध्ये त्यानं पहिली बदककथा काढली, आणि १९९२ ते १९९४ या काळात एका डॅनिश प्रकाशकासाठी स्क्रूजचं बारा भागांचं चरित्र. बार्क्सनं कुठे कुठे सहज टाकलेले उल्लेख, कुठे सोनं खणलं, कुठे बूट पॉलिश केले, ते सगळे वेचून त्यानं एक सलग आयुष्य उभं केलं. नोंदी इतक्या काटेकोर, की आमच्या वडिलांनी त्याला महसूल खात्यात घेतलं असतं. रोझाच्या काळापर्यंत नाव छापायला लागले होते. पैशांचं मात्र तसंच: पानाला ठरलेली रक्कम, नंतर जगभर कितीही आवृत्त्या निघोत, स्वामित्वधन नाही. डोळ्यांनी दगा दिला, मन खचलं आणि त्यानं काम थांबवलं. का थांबवलं हे त्यानं नंतर स्वतः लांबलचक लिहिलं, त्यात ही पद्धत हे एक ठळक कारण होतं.

पण या रोझानं एक खोडी केली. आपल्या गोष्टींच्या पहिल्या चौकटीत आणि मुखपृष्ठांवर तो चार अक्षरं काढायचा: डी, यू, सी, के. ‘कार्लकाकांना, केनोकडून’ अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीची ती आद्याक्षरं. केनो हे रोझाच्या पूर्ण नावातलं पहिलं नाव. संपादकांना ती सहीसारखी दिसली, आणि सही चालत नव्हती; त्यांनी खोडली. मग तो लपवायला लागला. गवताच्या पात्यांत, लाकडाच्या रेषांत, घोड्याच्या आयाळीत, कोळ्याच्या जाळ्यात. माझ्याकडे त्याचा एक जाडजूड संग्रह आहे. मामेभाऊ आला की आम्ही अजूनही भिंग घेऊन बसतो. त्याला गवतातली लगेच दिसतात, मला ढगांतली. मागच्या रविवारी त्या पहिल्या नंबरवाल्या मुलीलाही बोलावलं. ती आमच्यापेक्षा भराभर शोधते, आणि सापडलं की बोट ठेवून ओरडते. एका पानावर मात्र तिघांनाही ती अक्षरं मिळालेली नाहीत. मामेभावाचं म्हणणं, त्या पानावर ती नाहीतच. मुलीचं म्हणणं, आहेत, आणि पुढच्या रविवारी ती स्वतःचं भिंग घेऊन येणार आहे.